आठव्यांदा शेवटचं कुलूप

'शेवटचं कुलूप' ही मालिका पस्तीस वर्षांत आठव्यांदा शेवटची होत होती, आणि आंकोना शहरात तिच्यावर लिहायचा हक्क फोस्का बेर्तिनेल्लीचा होता. तो हक्क तिला कुणी दिला नव्हता. इतरांनी कंटाळून सोडला आणि ती टिकून राहिली. पहिला भाग तिने विद्यार्थिनी असताना स्वतःच्या पैशाने पाहिला. दुसऱ्या भागापासून ती वही घेऊन बसू लागली, तीच वही आजतागायत चालू होती. प्रत्येक भागाला एक पान. नायकाने किती कुलपं उघडली, किती गाड्या जळाल्या, 'हा धंदा आता सोडला' असं तो किती वेळा म्हणाला (चौथ्या भागात सहा वेळा, तरी पाचवा आलाच), मध्यंतर कितव्या मिनिटाला पडलं, आणि शेवटच्या रकान्यात, ते एक वाक्य कसं म्हटलं गेलं.

ते वाक्य प्रत्येक भागात एकदाच यायचं. नायक कीन हा कुलपं उघडणारा कारागीर. तिजोरीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "कुलूप खोटं बोलत नाही." आंकोनातल्या न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे ते म्हणून दाखवायचे.

अर्थात ते अमेरिकन नटासारखं म्हणायचे नाहीत, त्याला इटालियनमध्ये आवाज देणाऱ्या अदेल्मो रुस्पांतीसारखं म्हणायचे. त्या नटाचा स्वतःचा आवाज इथे कुणी ऐकलाच नव्हता. एकदा तो टीव्हीवर मुलाखतीला आला तेव्हा फोस्काची आई विणकाम थांबवून म्हणाली होती, "हे बदक कोण?" कीन म्हणजे रुस्पांती. चेहरा भाड्याचा, आवाज घरचा.

तर मंगळवारी सकाळी दहाला पत्रकारांसाठी खेळ होता. सभागृहात अकरा माणसं, त्यातली तीन झोपायला आलेली. रोमहून आलेली प्रसिद्धीवाली मुलगी दारात कागद घेऊन उभी होती. गुरुवारपर्यंत शेवट फोडणार नाही अशी सही प्रत्येक वेळी द्यावी लागे. या वेळी खाली एक नवीन ओळ होती: इटालियन आवाजाविषयी प्रदर्शनाआधी भाष्य करू नये. फोस्काने ती ओळ दोनदा वाचली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं छापील स्वरूपात तिने प्रथमच पाहिलं.

"रुस्पांतीच आहेत ना?" तिने विचारलं.

"नाव पडद्यावरच्या पाटीवर आहेच की, दोत्तोरेसा. तोच आवाज, नेहमीसारखा."

दूधवाला 'नेहमीसारखंच आहे' म्हणाला की दूध हुंगून घ्यावं, हे फोस्का चाळीस वर्षं पाळत आली होती. तिने आवाजाविषयीची ती ओळ खोडली, मग सही केली आणि चौथ्या रांगेत जाऊन बसली.

पहिल्या दहा मिनिटांतच तिच्या मनात पाल चुकचुकली. आवाज रुस्पांतीचा होता आणि नव्हताही. जाडी तीच, खालची घरघर तीच. पण वाक्यं नको तिथे तुटत होती. वाक्याच्या पोटात श्वास घेतला जात होता, आणि तो श्वासही बंद खोलीतला, उबट वाटत होता. एकाहत्तराव्या मिनिटाला कीनने तिजोरीला कान लावला. "कुलूप," तो म्हणाला आणि थांबला. एखाद्याने तेवढ्यात सिगारेट पेटवली असती. मग, "खोटं बोलत नाही."

फोस्काने अंधारातच वही उलटून पाहिली. सातवा भाग: थांबा नाही, वाक्य एका दमात. सहावा, पाचवा, चौथा: नाही. तिसरा, दुसरा आणि आठवणीने लिहिलेला पहिला: थांबा आहे. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी गेलेला थांबा आज परत आला होता. गेलेले केस परत आले तर माणूस काय समजतो? टोप.

तिने हिशोब मांडला तो असा. रुस्पांती ऐंशीच्या पुढे गेलेले. एक तर ते गेले असतील, नाहीतर बोलायच्या अवस्थेत नसतील. रोममधले आवाज देणारे कलाकार वर्षभर आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राविरुद्ध पत्रकं काढत होते, त्यात काही खोटं नव्हतं. या लोकांनी यंत्राला पहिले तीन जुने भाग चारले, सगळ्यात गाजलेले म्हणून, आणि यंत्राने तरुण रुस्पांतीचा थांबा उचलून म्हाताऱ्या कीनच्या तोंडात कोंबला. म्हणून ती खोडलेली ओळ, म्हणून ते 'नेहमीसारखा'.

संपादक तांक्रेदीला तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका खूष झाला की त्याला ठसका लागला. मथळा त्याने तिथल्या तिथे तयार केला: 'मेलेल्या आवाजाचा धंदा'.

"मेलेत का ते?" त्याने मग विचारलं.

"माहीत नाही."

"मग आधी विचार. उद्या सहापर्यंत. आणि फोस्का, खात्री असेल तरच. तू कान विकून खातेस, हे विसरू नकोस."

यात चेष्टा होती, पण अर्धीच. सहाव्या भागाच्या परीक्षणात तिने लिहिलं होतं: 'शंभर माणसांना पडद्यामागे उभं करा, रुस्पांतीला मी पहिल्या शब्दात ओळखीन.' ते वाक्य तिला चिकटलं. भाजीवाला तिला पाठमोरी उभी करून विचारायचा, बोला, आता कोण बोललं? वाचक तिची मतं मानत नसत, पण कान मानत. आता ती यंत्र म्हणाली आणि माणूस निघाला, तर एका म्हाताऱ्याचा जिवंतपणी अपमान झाला असता. आणि माणूस म्हणाली आणि यंत्र निघालं, तर भाजीवाल्यानेही विचारणं सोडलं असतं.

रुस्पांतींचा रोमचा फोन बंद होता. प्रसिद्धीवाली म्हणाली, मायस्त्रो विश्रांती घेताहेत, कुठे ते सांगता येत नाही. रुस्पांती मूळचे सेनिगाल्लियाचे, इथून गाडीने अर्ध्या तासावरचे, एवढं फोस्काला ठाऊक होतं. जुन्या निर्देशिकेत त्या गावात एकच रुस्पांती निघाला, पुढे 'क' असं आद्याक्षर. तिने फोन लावला. चार घंट्या झाल्या आणि निरोप घेणारं यंत्र बोललं:

"घरात कुणी नाही. काय असेल ते सांगा आणि ठेवा."

फोस्काने निरोपाची शिट्टी व्हायच्या आतच फोन ठेवला. हा रुस्पांती. हा खरा, एका दमात बोलणारा, सातव्या भागातला, सहाव्यातला. आणि सकाळी चित्रपटात ऐकला तो याच्या जवळपासही नव्हता. तिने वहीत लिहिलं, 'पुरावा', आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या 'क'चा तिने विचार केला नाही. निर्देशिकेत चुका असतातच.

बुधवारी सकाळी ती गाडी काढून निघाली ती त्या घरातून फक्त लेखाचं शेवटचं एक वाक्य मिळवायला. खालच्या मजल्यावरचं घर, दारात मुलांच्या टबाएवढं घमेलं आणि त्यात मांदेली साफ करत बसलेली सत्तरीची बाई. काळा स्वेटर, कोपरापर्यंत खवले.

"रोमहून आलात?" बाईने मान वर न करता विचारलं.

"आंकोनाहून."

"मग आणखीच वाईट."

फोस्काने नाव सांगितलं. बाईने आता मान वर केली, तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही होय त्या कानवाल्या." मग हात धुतले आणि आत नेलं. या बाईचं नाव देर्ना. रुस्पांतींची कोण ते तिने सांगितलं नाही, आणि फोस्काने बायको असं परस्पर धरून टाकलं.

स्वयंपाकघरात टेबलाशी अदेल्मो रुस्पांती शेंगा सोलत बसले होते. म्हणजे जिवंत होते. तांक्रेदीच्या मथळ्यातला पहिला शब्द तिथेच गळला, पण धंदा शिल्लक होता. तिने भिंतींवर नजर फिरवली. शेगडीजवळ एक फोटो, माशांच्या पेट्यांसमोर तोंड उघडून ओरडणारा रुंद छातीचा माणूस. आणि त्याच्या वर चौकटीत तिचं स्वतःचं परीक्षण, सहाव्या भागाचं, पिवळं पडलेलं. परीक्षण रुस्पांतींच्या खुर्चीसमोर असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते कोळणीच्या नवऱ्यासारख्या दिसणाऱ्या कुणाच्या डोक्यावर का टांगलंय, ते तिला कळेना.

"बसा," रुस्पांती म्हणाले. आणि थांबले. शेंग सोलून झाल्यावर, "सिन्योरा फोस्का."

फोस्का बसली. थांबा. श्वास. उबट घरघर. कालचाच आवाज. समोर, हाडामांसाचा, शेंगा सोलणारा.

पण ती संशयाने म्हातारी झालेली बाई होती. एका वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिने ते वाक्य म्हणायची विनंती केली. त्यांनी डोळे मिटले, टेबलाच्या लाकडाला कान टेकवला आणि म्हणाले, अगदी तिथेच थांबून म्हणाले. काडीचाही फरक नव्हता. मग निरोपाच्या यंत्रातला आवाज कुणाचा?

तिने हे विचारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तोच फोन वाजला. देर्ना फोनच्या शेजारीच उभी होती, पण तिने उचलला नाही. रुस्पांतींनी शेंगा खाली ठेवल्या. चार घंट्या झाल्या आणि खोलीत तो रुंद, न थांबणारा आवाज भरला: घरात कुणी नाही, काय असेल ते सांगा आणि ठेवा. आवाज संपेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही. मग पिपाणीसारखी शिट्टी आणि प्रसिद्धीवाल्या मुलीचा घाईचा निरोप:

"मायस्त्रो, आंकोनाच्या बाई फोन करतील कदाचित. कपाटाचं कृपा करून बोलू नका."

"कसलं कपाट?" फोस्का म्हणाली.

कपाट शेजारच्या खोलीत होतं. हिवाळी कोट, घोंगड्या, डांबरगोळ्यांचा वास, आणि मध्ये एक स्टूल. रुस्पांतींना आता रोमचा प्रवास झेपत नव्हता, तेव्हा कंपनीने एक माणूस आणि यंत्रसामग्री इकडे पाठवली, आणि बारा दिवस कीनने या कोटांत बसून कुलपं उघडली. कोट्यवधींच्या चित्रपटाचा आवाज डांबरगोळ्यांतून आला हे कळलं तर हसू होईल, म्हणून ती खाली घातलेली ओळ. उबट श्वासाचा हिशोब लागला. थांब्याचा लागला नाही.

"आणि फोनवर?" तिने विचारलं. "ते कोण?"

देर्नाने फोटोकडे मान केली. "माझा नवरा. क्विंतो. यांचा धाकटा भाऊ."

मग रुस्पांतींनी जे सांगितलं ते फोस्काने आधी मानलंच नाही. तिसऱ्या भागानंतर त्यांच्या घशात गाठ निघाली, ती कापली, आणि आवाज बाजारात न्यायच्या लायकीचा राहिला नाही; थोडाफार परत यायला वर्षं गेली. चौथा भाग उभा होता, करार झाला होता, कंपनीला नाव हवं होतं. क्विंतो मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. घरात पाच भावंडं, सगळ्यांचा गळा एकच, पण त्याचा सगळ्यात दणकट. अदेल्मो त्याला रोमला घेऊन गेले. दिवसा तो माईकसमोर उभा राहायचा, अदेल्मो शेजारी उभे राहून ओठ हलवायचे, कुठे श्वास घे, कुठे दाब, ते हाताने दाखवायचे. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. खोलीतल्या चार माणसांना ठाऊक होतं आणि त्या चौघांनी तोंडाला कुलूप लावलं. क्विंतो गेल्या नोव्हेंबरात, सर्व संतांच्या सणाच्या आठवड्यात, झोपेत गेला.

"त्याला एक गोष्ट शिकवता आली नाही," रुस्पांती म्हणाले. "थांबायला. लिलावात थांबलं की मासे... दुसऱ्याचे."

फोस्काने विचारलं, कशावरून? वर्तमानपत्रात उद्या छापायचं आणि परवा कुणी येऊन हसायचं, हे तिला नको होतं. रुस्पांतींकडे ना करार होता ना कागद, सगळं एका नावावर. देर्ना म्हणाली, यंत्र ऐकलंत ना, आणखी काय हवं? भावांचे आवाज सारखे असतात, फोस्का म्हणाली, त्याने काही सिद्ध होत नाही.

"तुमची ती वही," रुस्पांती म्हणाले. "सगळे म्हणतात तुम्ही सगळं... लिहिता."

तिने पर्समधून वही काढली. खरं तर गरज नव्हती, तिला काल अंधारातच तो रकाना पाठ झाला होता. पहिला, दुसरा, तिसरा: थांबा. चौथा ते सातवा: नाही. आठवा: थांबा. पण चौथ्याच्या समोर स्वतःच्याच अक्षरात आणखी काही होतं, ते तिला आठवत नव्हतं. 'रुस्पांतींचा आवाज वयाने पिकला. आता खरा कीन सापडला. उत्तम.'

म्हणजे बदल तिने पहिल्याच दिवशी टिपला होता. पंचवीस वर्षं तिच्या हाताशी पुरावा होता, आणि तिने त्याच्यासमोर शेरा मारला होता, 'उत्तम'. आणि आता खरा माणूस परत आला तर ती त्याला यंत्र म्हणायला निघाली होती.

"या भागात मी क्विंतोची नक्कल केली," रुस्पांती म्हणाले. हे मात्र ते न थांबता म्हणाले, आणि त्यांना दम लागला. "लोकांना कीन म्हणजे तोच ना. मीच शिकवलेली माझी नक्कल, तिची नक्कल. जमलं नाही. थांबा काही... जाईना."

फोस्काने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. शंभर माणसांना पडद्यामागे उभं करा. "हे ते लावून ठेवायचे?" तिने विचारलं. "हसायला?"

"पहिलं वर्ष हसायचा," देर्ना म्हणाली. "कॉफी घेताना मोठ्याने वाचायचा आणि हसायचा. नंतर नुसता वाचायचा."

देर्नाने बडीशेपेच्या दारूचे तीन थेंब घातलेली कॉफी समोर ठेवली. फोस्काने तीही आधी हुंगली. सवय.

रुस्पांतींचं म्हणणं एवढंच होतं की हे लिहा. क्विंतोचं नाव कुठल्याच पाटीवर आलं नव्हतं. तो होता तोवर नको म्हणायचा. माझं नाव कळलं की लोकांना कीन ऐकू येणार नाही, मासेच ऐकू येतील, असं त्याचं मत. आता तो नाही, आणि नाव पण नाही, हे काही बरोबर नाही.

"आत्ताच का?" फोस्काने विचारलं. संशय तिला शेवटपर्यंत सोडत नव्हता. "माझ्याकडूनच का?"

"नववा भाग मला कुणी देणार नाही. बुडायला काही उरलं... नाही. आणि तुमच्याकडून, कारण तुमच्यावर लोक विश्वास ठेवतात."

"छापल्यावर नाही ठेवणार."

"तेच म्हणतेय मी," देर्ना घमेल्याकडे जात म्हणाली. "या नाही लिहायच्या, भावोजी. स्वतःच्या पायावर कोण धोंडा पाडून घेतं? वर्तमानपत्रवाले तर नाहीच."

परतीच्या वाटेवर समुद्र डाव्या हाताला आणि फोस्काच्या डोक्यात तीन ओळी. त्या सुरक्षित होत्या आणि पूर्ण खऱ्याही होत्या: आवाज रुस्पांतींचाच आहे, वय जाणवतं, थांबे जास्त आहेत. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. अपमान कुणाचा नाही, कान शाबूत, भाजीवाला खूष. यंत्राचा मथळा तांक्रेदीला सोडावा लागेल, तो दोन दिवस रुसेल. तिने त्या ओळी इतक्या वेळा म्हटल्या की आंकोनाच्या पहिल्या वळणावर तिच्या लक्षात आलं, आपण त्या क्विंतोच्या चालीत म्हणतोय, एका दमात, लिलावासारख्या. थांबलं की मासे दुसऱ्याचे.

ती थांबली. गाडी कडेला घेऊन खरोखरच थांबली. मागच्याने हॉर्न वाजवून तिच्या आईची आठवण काढली.

साडेपाचला तांक्रेदी तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "काय मग? यंत्र?"

"माणूस."

"श्या." मग त्याने पडद्यावरचं वाचायला घेतलं आणि खुर्ची ओढली. परीक्षण सरळ सुरू होत होतं: आठवा भाग लांबट आहे, कुलपं नऊ, जळालेल्या गाड्या चौदा, धंदा सोडल्याच्या घोषणा तीन, म्हणजे पुढचा भाग येणार. मग आवाज. पहिले तीन भाग आणि हा आठवा अदेल्मो रुस्पांती यांचे. मधले चार क्विंतो रुस्पांती यांचे, सेनिगाल्लियाच्या मासळीबाजारातले लिलाव पुकारणारे, ज्यांचं नाव आजवर छापलं गेलं नाही. ते कसं कळलं, ते वहीतल्या रकान्यासकट. आणि सहाव्या भागाच्या परीक्षणातलं तिचं ते वाक्य, पूर्ण, तारखेसह. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे दहापैकी गुण द्यायची तिची जुनी पद्धत होती, ते शेवटी होते:

चित्रपट: पाच. अदेल्मो: सात. क्विंतो: आठ, चार भागांचे मिळून, उशिराने. परीक्षकाचा कान: तीन.

"हे शेवटचं काढतो," तांक्रेदी म्हणाला. "चेष्टा वाटते. आणि उद्यापासून तुझं कोण वाचणार?"

"ते काढलंस तर वरच्या आठाला कोण मानणार?"

तांक्रेदीने वरची ओळ पुन्हा वाचली, मग खालची. तिनाचे चार कर म्हणाला, नापास ते नापासच, पण दिसायला बरं. फोस्का म्हणाली, तीनच. शेवटी त्याने कंटाळून पान लावायला पाठवलं.

शुक्रवारी तिच्या टेबलावर पार्सल आलं. आत तिचं सहाव्या भागाचं पिवळं परीक्षण होतं, चौकटीतून काढलेलं, चार कोपऱ्यांना गोंदाचे डाग. सोबत चिठ्ठी नव्हती. फोस्काने सेनिगाल्लियाला फोन लावला, चौकट रिकामी ठेवलीत की दुसरं काही लावलंत, हे विचारायला. चार घंट्या झाल्या. देर्नाने उचलला नाही, आणि फोस्काने क्विंतोचा आवाज या वेळी शेवटपर्यंत ऐकला.